डोक्यापासून पाईप किती दूर?

सुरतेत उधन्यातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात जाऊन 'गाडीत रोल केज बसवायचाय' म्हणालं, की कारागीर आधी कोपऱ्यातल्या पाईपांच्या ढिगाकडे बघतो. रोल केज म्हणजे गाडी उलटली तरी आतली जागा चेपू न देणारा पाईपांचा पिंजरा. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, पत्र्याच्या शेडी ही त्याची रोजची कामं. दीड इंची पाईप त्याच्याकडे कायम पडलेला. एका मित्राबरोबर मी असाच एकदा गेलो होतो. मित्राची जुनी झेन रोज लिंबायत ते रिंग रोड चालते आणि मित्राच्या डोक्यात रॅली चालते. कारागीर आमच्याच खानदेशातला निघाला. मापाचं विचारलं तर म्हणाला, "दीड इंचीच शे ना, भाऊ." व्हर्नियर लावला, तर बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर. दीड इंच म्हणजे ३८.

चूक त्याची नव्हती. पाण्याच्या पाईपाचं माप आतल्या पोकळीवरून बोलतात, केजच्या पाईपाचं बाहेरच्या व्यासावरून. भारतीय मानक १२३९ मधला ४० मिलिमीटर बोअरचा मध्यम जाडीचा पाईप बाहेरून ४८.३ आणि भिंतीला ३.२ मिलिमीटर असतो. मीटरला साडेतीन किलोच्या वर. एफआयए या जागतिक मोटारक्रीडा संघटनेच्या नियमांत केजच्या मुख्य कमानीला, म्हणजे मेन हूपला, किमान ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिलिमीटरचा पाईप लागतो आणि बाकीच्या पाईपांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २ चालतो. पंचवीस मीटर पाईप धरला तर या मापात केजचं वजन सत्तावन्न-अठ्ठावन्न किलो होतं आणि दुकानातल्या त्या पाईपात नव्वदच्या घरात जातं. पावणेआठशे किलोच्या झेनमध्ये हे तीस किलो कायमचे वाढायचे, तेही बरेचसे छताजवळ, म्हणजे गाडी उलटायला मदत होईल अशा जागी.

तरी वजन हा लहान मुद्दा आहे. पाईप कुठला, यावर खरा घोळ होतो. पट्टी वळवून शिवण मारलेला ईआरडब्ल्यू पाईप खुर्चीला ठीक आहे. एफआयएला लागतो तो कोल्ड ड्रॉन सीमलेस, कार्बन ०.३ टक्क्यांपर्यंत आणि ताण सोसण्याची ताकद किमान ३५० मेगापास्कल. सुरतेत सीमलेस मिळत नाही असं कुणी सांगितलं तर त्यानं शोधलेलं नाही. पांडेसरा-सचिनच्या प्रोसेसिंग मिलांचे बॉयलर सीमलेस नळ्यांवरच चालतात. बॉयलरची नळी जशीच्या तशी केजला घालावी असं नाही. मुद्दा एवढाच की व्यापारी आहेत, आणि टेस्ट सर्टिफिकेट मागितलं की देतातही. हजिऱ्याच्या अवजड फॅब्रिकेशनमध्ये काम केलेल्या वेल्डरला हीट नंबर, म्हणजे पोलाद कुठल्या घाण्यातलं ते सांगणारा सर्टिफिकेटवरचा आकडा, समजावून सांगावा लागत नाही. जीआय पाईप मात्र गाडीच्या जवळही आणू नये. वेल्डिंगच्या वेळी त्यावरच्या जस्ताचा धूर छातीत जातो आणि जोडात भोकं राहतात.

इंजिनीअरिंगच्या मुलांकडून आणखी एक माप येतं, एक इंची पाईप, भिंत तीन मिलिमीटर. हे माप पीथमपूरला २००७ पासून होणाऱ्या बाहा एसएईच्या स्पर्धेतलं. तिथली गाडी एकट्याची, ३०५ सीसीच्या दहा अश्वशक्तीच्या इंजिनाची. तिचा सांगाडा हीच ती गाडी असते, वर पत्र्याची बॉडी नसते. ते माप उचलून हायवेला शंभरनं जाणाऱ्या मोटारीत घालणं म्हणजे सायकलच्या ब्रेकवर ट्रक थांबवणं.

हे सगळं पाईपाबद्दल झालं. रस्त्यावरच्या गाडीत केज नीट बसवणं हा प्रश्न मात्र पाईपाचा कमी आणि डोक्याचा जास्त आहे, असं माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत गेलं आहे.

रॅलीच्या गाडीत चालक हेल्मेट घालून, कानांपर्यंत पंख आलेल्या बकेट सीटमध्ये, पाच-सहा पट्ट्यांनी जखडलेला असतो. गाडी कोलांट्या खाते तेव्हा तो सीटसकट एका जागी राहतो आणि केज त्याच्याभोवतीची जागा राखून धरतो. रोजच्या गाडीत आपण तीन टोकांच्या बेल्टात, शर्टावर, उघड्या डोक्यानं बसतो. हा बेल्ट माणसाला थोडं पुढे आणि बरंच बाजूला जाऊ देतो. तशीच त्याची रचना आहे. बाजूनं धक्का बसला की डोकं दाराच्या वरच्या कडेकडे जातं. मागून कुणी ठोकलं की सीटची पाठ झुकते आणि डोकं वर-मागे सरकतं. नेमक्या याच दोन ठिकाणी केजचे पाईप असतात. कंपनीनं तिथे प्लास्टिक, अस्तर आणि नव्या गाड्यांत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग दिलेली असते. आपण तिथे पोलादी नळी आणून ठेवतो.

मित्राला हे पटेना. मग पीव्हीसीचे पाईप आणले आणि तारेनं बांधून झेनमध्ये केजचा खोटा सांगाडा उभा केला. कापण्याआधी असा सांगाडा प्रत्येकानं करावा, दोन-तीनशे रुपयांत होतो. मित्राला बेल्ट लावून बसवलं आणि मी बाहेरून त्याचं डोकं हळूच दाराकडे ढकललं. काचेला लागायच्या आधी ते पाईपाला टेकलं. मधलं अंतर चार बोटंही नव्हतं. लहान गाडीचं हे दुखणं आहे. एस्टीमसारख्या जरा रुंद गाडीत थोडं सुसह्य, मारुती ८०० मध्ये तर विचारूच नका.

यावर पॅडिंगचा उपाय सांगतात. सुरतेत पॅडिंग म्हणून एसीच्या तांब्याच्या नळीवरचा काळा फोम चढवलेला दिसतो, वर केबल टाय. दिसायला झकास. अंगठ्यानं दाबला तर थेट पोलाद लागतं. डोक्यासाठीचं पॅडिंग कडक असतं, बोटानं जेमतेम दबतं. एफआयएचं ८८५७-२००१ किंवा अमेरिकेतलं एसएफआय ४५.१ अशी त्याची मानकं आहेत आणि ती हेल्मेट घातलेलं डोकं धरून केलेली आहेत. उघड्या डोक्याला त्यानं जखम कमी होईल, होणारच नाही असं नव्हे.

मग जगभरातले गाडीवाले काय करतात? स्वतः कंपन्या काय करतात हे बघणं जास्त उपयोगाचं. पोर्शेच्या ९११ जीटी३ ला युरोपात क्लबस्पोर्ट नावाचं पॅकेज मिळतं. त्यात बोल्टनं बसवलेला केज येतो, पण फक्त पुढच्या सीटांच्या मागे, आणि मागे सीटच नसते. रेनोच्या मेगान आर२६.आर मध्येही २००८ साली मागची सीट काढून टाकली होती आणि केज पर्यायी होता. ज्यांच्याकडे क्रॅश टेस्टची प्रयोगशाळा आहे, अशा या दोघांनी रस्त्यावर चालणाऱ्या या गाड्यांत चालकाच्या पुढे पाईप आणलेला नाही. यातून मी घेतो तो अर्थ सरळ आहे: रोज चालणाऱ्या गाडीत अर्धा केज. मेन हूप, मागे जाणारे दोन टेके, एक कर्ण, बेल्टासाठी आडवा पाईप. मागच्या सीटवर कुणी बसायचं नाही. त्या सीटवरच्या माणसाच्या तोंडासमोर मेन हूप आणि कर्ण येतात, आणि तिथे पोरंबाळं बसवणाऱ्याला केजबद्दल बोलायचा हक्क नाही. जिप्सी आणि थारवाल्यांची गोष्ट निराळी. उघड्या गाडीला मुळात छतच नसतं, तेव्हा डोक्यावरची कमान तिथे शोभेची नाही. गोव्यात २०१४ पासून भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये चिखलात आडव्या झालेल्या जीपांची चित्रं पाहिली की ते कळतं.

अर्ध्या केजची कारागिरी सोपी वाटते, तशी नाही.

सगळ्यात आधी तळ. आजच्या मोटारीची बॉडी पाऊण-एक मिलिमीटर पत्र्याची, स्पॉट वेल्डनं जोडलेली. त्यावर मेन हूपचा पाय थेट टेकवला तर गाडी उलटताना तो पाय पत्रा फोडून खाली जाईल, सुई कापडातून जावी तसा. म्हणून पायाखाली किमान ३ मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्राची पट्टी लागते, मागच्या टेक्यांना ६० चौरस सेंटिमीटरची. बोल्टनं बसवायचा असेल तर मेन हूपच्या प्रत्येक पायाला ८.८ ग्रेडचे, एम८ किंवा जाड, किमान तीन बोल्ट. पट्टी दाराच्या उंबऱ्यावर, म्हणजे सिलवर, चढवून दोन पातळ्यांत वाकवली तर भार पसरतो. सुरतेत ही पट्टी लावण्याआधी सिलमध्ये स्क्रूड्रायव्हर खुपसून बघावा. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून तापीत पाणी सुटलं आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा इथल्या कित्येक मोटारी दिवसेंदिवस बुडून होत्या. धुऊन, पुसून, रंगवून त्या पुन्हा विकल्या गेल्या. प्रोजेक्टसाठी स्वस्तात मिळणाऱ्या झेन-एस्टीम याच वयाच्या. रविवारी डुमसच्या समुद्रकिनारी वाळूत गाडी फिरवण्याची हौस त्यात धरा. वरून रंग झक्क असतो आणि सिलच्या आत तापीचा गाळ निघतो. कुजलेल्या सिलवर बांधलेला केज दिसतो तेवढाच.

दुसरं वळण. प्लंबरच्या हायड्रॉलिक बेंडरनं पाईप वळवला की आतल्या बाजूला चपटा होतो. आपल्याकडची जुनी युक्ती म्हणजे पाईपात कोरडी वाळू ठासून, गॅसनं लाल करून वळवायचा. वळण सुंदर येतं, पण तापवलेल्या जागी पोलादाचा गुण बदलतो. नियम थंड वळणाचा आहे. वळणाची त्रिज्या पाईपाच्या मध्यरेषेवर व्यासाच्या किमान तिप्पट, म्हणजे ४५ च्या पाईपाला १३५ मिलिमीटर. वळणावर पाईप लंबगोल झालाच तर लहान व्यास मोठ्या व्यासाच्या नऊदशांशाखाली जाता कामा नये. व्हर्नियरनं एका बाजूला ४२ आणि दुसऱ्या बाजूला ४७.५ भरला तर तो पाईप बाद. पैसे गेले म्हणून हळहळायचं आणि दुसरा घ्यायचा. मेन हूप एकाच अखंड पाईपाचा हवा. कोपऱ्यात जोड देऊन केलेली कमान मी पाहिली आहे, वर लांबी भरून रंगवलेली.

तिसरं, आणि नीटनेटकेपणाचा जीव ज्यात आहे ते, म्हणजे केज बॉडीला किती चिकटतो. छत आणि पाईप यांत हात जाईल एवढी फट राहिली तर ती फट आपल्या डोक्याच्या जागेतून चोरलेली असते. पण पाईप छताला भिडवला की त्याच्या वरच्या अंगाला वेल्डिंगची टॉर्च पोचत नाही आणि जोड तीन बाजूंनीच होतो. पूर्ण केज करणारे यावर एक तोड काढतात. पायांच्या जागी गाडीच्या तळाला भोकं पाडून सगळा केज खाली सोडतात. छतापासून सुटलेल्या जागेतून वरचे जोड चहूबाजूंनी पुरे करतात. मग केज उचलून जागेवर आणतात, भोकांवर पट्ट्या आणि बॉक्स ठोकतात आणि त्यावर पाय उभे करतात. अर्ध्या केजला बहुधा एवढं लागत नाही, मागच्या दारातून तो बाहेर काढून टेबलावर वेल्ड करता येतो. पाईपाचं तोंड दुसऱ्या पाईपाच्या गोलाईला मिळवताना होल सॉ वापरावा. ग्राइंडरनं अंदाजे काढलेल्या तोंडात फट राहते, आणि ती मग रॉड वितळवून बुजवली जाते. दुकानात ज्याला 'आर्गन' म्हणतात ते टिग वेल्डिंग झालं तर उत्तम, 'सीओटू' म्हणजे मिगही चालेल. हात चांगला हवा. वेल्डिंगआधी बॅटरी आणि इंजिनचा ईसीयू काढून ठेवायचा, पेट्रोलची टाकी उतरवायची, काचांवर ओलं गोणपाट. ठिणगीचा एक थेंब काचेत रुतला की आयुष्यभर दिसतो.

इथे सुरती सौंदर्यदृष्टी आडवी येते. जिथे हिऱ्याचा पैलू आणि साडीचा पदर यांवर शहर चालतं, तिथे वेल्डची खवले-खवले शिवण कुणाला आवडत नाही. मालक म्हणतो, ग्राइंडर मारून गुळगुळीत कर, लांबी भर, पांढरा रंग दे. झालेला वेल्ड घासला की जोडाचं मांसच जातं, आणि लांबीखाली तडा लपतो. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेसिंगच्या संस्थेनं वेल्ड घासण्याला नियमातच मनाई केली आहे. एका दुसऱ्या अमेरिकन संस्थेच्या, एससीसीएच्या, नियमात तर केजला बारीक भोक पाडून ठेवावं लागतं, भिंत किती जाड आहे ते तपासनिसाला मोजता यावं म्हणून. माझ्या लेखी नीट केज तो, ज्याची शिवण उघडी दिसते आणि पाईप दिसत नाही.

मग बेल्ट. कमानीमागे आडवा पाईप घातला की चार टोकांचा हार्नेस लावायची इच्छा होतेच. खांद्याचे पट्टे सीटच्या भोकांतून जवळजवळ सरळ मागे, किंचित खाली जायला हवेत. खाली गाडीच्या तळाला बांधले तर धक्क्यात ते कणा दाबतात. रोजच्या गाडीत कंपनीचा तीन टोकांचा बेल्ट काढू नये. बी पिलरवरची, म्हणजे दोन दारांमधल्या खांबावरची, त्याची रीळ मेन हूपच्या मागे अडकणार नाही अशी जागा पीव्हीसीच्या सांगाड्यातच ठरवावी. केजपेक्षा साध्या बेल्टानं जास्त जीव वाचतात, हे सांगायला सुरतेच्या माणसाला फार लांब जावं लागत नाही. मुंबईला जाताना चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल लागतो. ४ सप्टेंबर २०२२ ला तिथे उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी महागडी, सुरक्षेत नावाजलेली. मागे बसलेल्या मिस्त्रींसह दोघांनी बेल्ट लावलेला नव्हता.

आता कायदा. या भागात मी लवकर आटोपणार आहे, कारण गुंता फारसा नाहीच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. बंपरपुढच्या लोखंडी गार्डवर केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितली, तीही कलम ५२ च्याच आधारानं. केजसाठी मागची सीट काढली की आरसीवरची आसनसंख्या खोटी ठरते. म्हणजे पाईपाआधी सीटच तुम्हाला अडकवते. सीएनजीशी तुलना करून पाहा. ते किट मान्यताप्राप्त असतं, आरसीवर चढतं, कायद्यानंच त्याला वाट ठेवली आहे. केजला तशी सरळ वाट नाही. जर्मनीत टीयूव्हीचा तपासनीस बघून कागदावर नोंद करतो. आपल्याकडे पालच्या आरटीओत रोल केजची नोंद मागायला गेलात तर खिडकीपलीकडचा माणूस आधी विचारेल, हे काय असतं? विम्याचं तर त्याहून रोखठोक. नेहमीच्या पॉलिसीत शर्यत, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल यांसाठीचा वापर वगळलेलाच असतो, आणि न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी वर येतो.

मग हौस कुठे भागवायची? सापुतारा ओलांडलं की नाशिक. तिथली रॅली ऑफ महाराष्ट्र ही राष्ट्रीय रॅली मालिकेतली जुनी ओळखीची फेरी. ज्याला खरंच स्पर्धेत उतरायचं आहे त्यानं आधी तिथल्या स्क्रूटिनीत, म्हणजे स्पर्धेआधीच्या तपासणीत, उभ्या असलेल्या गाड्या आतून पाहाव्यात, एफएमएससीआय या भारतीय मोटारक्रीडा संघटनेची त्या वर्षीची नियमपुस्तिका घ्यावी आणि मग पूर्ण केजची, फक्त स्पर्धेची वेगळी गाडी करावी. रॅलीची गाडी दोन स्टेजच्या मधे सार्वजनिक रस्त्यानंच जाते हे खरं, पण तिच्यातली सीट, हार्नेस, पॅडिंग सगळं त्या पाईपांच्या हिशोबानं असतं. भाजी आणायला ती कुणी नेत नाही.

मित्राचं काय झालं ते सांगतो. अर्ध्या केजवर तो राजी झाला, मागची सीट काढायलाही तयार झाला. मग मागचे टेके कुठे उतरतात ते बघायला डिकी उघडली. मेन हूपपासून येणारा टेका उभ्या रेषेशी निदान तीस अंशांनी मागे झुकायला हवा आणि मागच्या चाकाजवळच्या मजबूत भागावर टेकायला हवा. पीव्हीसीचा पाईप त्या कोनात धरला, तर तो थेट सीएनजीच्या सिलिंडरवर जाऊन आपटला. सिलिंडर पुढे घ्यायला जागा नाही, मागे घ्यायला डिकी नाही. दहा मिनिटं तो काही बोलला नाही. मग त्यानं पेट्रोलचा भाव आणि लिंबायत ते रिंग रोडच्या महिन्याच्या फेऱ्या मोबाइलवर गुणल्या. सिलिंडर राहिला. पीव्हीसीचा सांगाडा सध्या त्याच्या गच्चीवर उभा आहे. उन्हाळ्यात त्याच्या आईनं त्यावर साडी ताणून कुरडया वाळवल्या.